जुना कप फेकू नका
जुन्या सायकलचा भाग नुसता डोळ्यांनी ताडून बदलू नये, तो मोजावा. नॉटिंगहॅमची जुनी रॅलेच पाहा. पायडलचे दांडे ज्या आसाला जोडलेले असतात, त्याच्या बेअरिंगच्या कपाला इतर बहुतेक इंग्रजी सायकलींत इंचाला 24 आटे असतात, रॅलेत मात्र 26. व्यास तोच, म्हणून नवा कप फेरा-दोन फेरे सहज जातो आणि अडतो. तिथे जोर लावला, की फ्रेमचे आटे गेलेच! कुणी म्हणेल, नवे आटे पाडून घेऊ. पण रॅलेत हे कप ज्या नळीत बसतात, तीही बहुधा नेहमीच्या 68 मिलिमीटरपेक्षा रुंद. मग आसही जुळत नाही. त्यापेक्षा मूळ कप स्वच्छ करून नवे छर्रे घालणंच शहाणपणाचं. सायकल किती जुनी, हे कळायला मागच्या चाकातल्या स्टर्मी-आर्चर गिअर-हबवर ठसवलेलं साल जरूर वाचा. मात्र चाक मागाहून बदललेलं असेल, तर ते साल सायकलचं नव्हे, फक्त हबचं.