ला स्काला : मालक कोण?



कामगार चळवळीतल्या माणसाने ऑपेरावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटाने केले. त्या कपाटातच इटलीच्या मिलान शहराचे ला स्काला हे नाट्यगृह आम्हांला भेटले.

ते ३ ऑगस्ट १७७८ रोजी उघडले. आधीचे नाट्यगृह जळाले होते. नव्याचा खर्च बॉक्सवाल्या धनिक घराण्यांनी उचलला, म्हणून बॉक्स त्यांच्या मालकीचे झाले. अगदी वर, छताला लागून, स्वस्त तिकिटांची गॅलरी आहे. तिला लोज्जोने म्हणतात. गायक चुकला की पहिली हुल्लड तिथून होते. खालचे लोक पोशाख दाखवायला येतात आणि वरचे गाणे ऐकायला, असे आमचे मत आहे.

१८९७ साली नगरपालिकेने अनुदान बंद केले. लोकांच्या करातून मूठभर बॉक्सवाल्यांची करमणूक का करायची, असा सवाल होता. हंगाम बुडाला. मे १८९८ मध्ये त्याच शहरात पाव महागला म्हणून लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा जनरल बावा बेकारिसने त्यांच्यावर तोफा डागल्या. सरकारी आकडाच ऐंशीच्या घरात मृतांचा आहे. आणि त्याच वर्षी २६ डिसेंबरला, धनिकांच्या पैशावर, नाट्यगृह पुन्हा उघडले. संगीत चालवायला ३१ वर्षांचा तोस्कानिनी होता. त्याला 'वन्स मोअर' खपत नसे. आमच्या संगीत नाटकाच्या रसिकांनी त्याला पळवूनच लावले असते!

आता, नगरपालिकेचा सवाल रास्त होता, पण दाराला कुलूप हे त्याचे उत्तर नव्हते. कुलपाने बॉक्सवाल्याचे काय गेले? तो पॅरिसला जाऊन ऐकेल. गेले ते गॅलरीतल्या माणसाचे आणि पडदा ओढणाऱ्याच्या रोजीचे. खरे उत्तर १९२० च्या सुमारास, समाजवादी नगरपालिका असताना आले : नाट्यगृह स्वायत्त संस्था झाले आणि बॉक्सवाल्यांची मालकी सुटत गेली.

ऑगस्ट १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात छप्पर कोसळले. मिलानने ते लगोलग उभारले, आणि ११ मे १९४६ रोजी, फॅसिस्टांपुढे न वाकलेल्या तोस्कानिनीच्याच हातून पुन्हा सुरू केले.

आज तिथले देखावे आणि पोशाख अन्साल्दोच्या जुन्या पोलादी कारखान्याच्या शेडमध्ये तयार होतात. सुतार, शिंपी, रंगारी असे दीडशेहून अधिक लोक तिथे राबतात. २००५ साली वादक आणि कामगार यांनी एकत्र सभा भरवून संगीत संचालक रिकार्दो मुती यांच्यावर जवळजवळ एकमताने अविश्वास दाखवला. एकोणीस वर्षे पदावर असलेल्या मुतींनी राजीनामा दिला. मुती थोर कलावंत, यात शंका नाही. पण त्या सभेत व्हायोलिनवाल्याचे मत एक आणि सुताराचेही एकच होते.