रात्री बॅटरी घेऊन खुराडं बघा

(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कोंबड्यांवर काय भाषण करायचं, असं काहीजणींना वाटलं असेल. पण घरातला कुठला पैसा खरोखर तुमच्या हातात राहतो, असं विचारलं तर बऱ्याचजणी अंड्यांचंच नाव घेतील. दुधाचा पैसा बहुधा घरधन्याच्या खात्यावर जातो. अंडी विकून आलेल्या पैशाचा हिशेब सहसा कोणी मागत नाही.

आमच्या वस्तीवर एका घरी खुडूक कोंबडी चौदाव्या दिवशी अंडी सोडून उठली ती परत बसलीच नाही. सासू म्हणाली, सुनेचा विटाळ झाला. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. आम्ही तिघी-चौघी रात्री बॅटरी घेऊन गेलो. डालग्याच्या विणीत, खालच्या गवतात लाल ठिपके वळवळत होते. पांढरी चिंधी फिरवली तर तिच्यावर रक्ताचे फराटे. तीच चिंधी सासूबाईंसमोर धरली. त्या काही बोलल्या नाहीत, पण सकाळी पाणी तापवायला चूल त्यांनीच पेटवली.

आता ही भानगड समजून घेऊ. उवा कोंबडीच्या अंगावरच जन्म काढतात. शेपटीखालची पिसं बाजूला केली की पळताना दिसतात, पिसांच्या बुडाशी लिखांचे पुंजके असतात. लाल किडा आणि चपटा गोचीड यांचं तसं नाही. ते दिवसभर लाकडाच्या, भिंतीच्या फटीत दडतात आणि रात्री येऊन रक्त पितात. (गोचिडाची बारीक पिल्लं तेवढी काही दिवस पंखाखाली चिकटून राहतात.) म्हणून दिवसा कोंबडी कितीही उलटीपालटी केली तरी काही सापडत नाही. तुरा फिका पडतो, अंडी कमी होतात, कोंबड्या संध्याकाळी आत जायला तयार नसतात, झाडावर बसतात आणि शिकारी जनावराच्या तोंडी जातात. सगळ्यात हाल खुडूक कोंबडीचे, कारण ती एकवीस दिवस जागची हलत नाही. खुराडं झाडणाऱ्या बाईच्या हातांवरही पुरळ येतं. तिला सांगतात, उष्णता झाली असेल!

खुराडं थोडे दिवस रिकामं ठेवून भागत नाही. लाल किडा कित्येक महिने उपाशी जगतो, गोचीड तर वर्षाहून जास्त. तेव्हा जुनं गवत जाळा. बसायच्या काठ्या काढून त्यांवर उकळतं पाणी ओता, फटींतही ओता. डालगी कडक उन्हात टाका. मग फटी शेणामातीनं बुजवा. आठवड्यानं हे सगळं पुन्हा करा, कारण राहिलेल्या अंड्यांतून तोवर नवे निघालेले असतात. एकदा करून सोडून दिलं तर मेहनत फुकट. खुडूक बसवताना गवत नवंच घाला.

अंगावरच्या उवांसाठी कोरडी राख आणि बारीक मातीचा खड्डा करा, कोंबड्या आपणच लोळतात. पावसाळ्यात तो छपराखाली हवा, ओल्या राखेचा उपयोग नाही.

आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगते. कपाशीवरचं फवारणीचं औषध खुराड्यात मारू नका. घरात उरलेलं असतं, फुकट असतं, म्हणून मारलं जातं, तेही उघड्या हातांनी, लेकरू कडेवर घेऊन. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, ते मोकळ्या रानात. खुराडं तर घराला लागून असतं. औषध लागलंच तर जनावरांच्या डॉक्टरांकडून कोंबड्यांचंच घ्या आणि अंडी किती दिवस खायची-विकायची नाहीत, ते विचारून घ्या. डॉक्टर म्हशीसाठी गावात येतात तेव्हा त्यांना थांबवा. कोंबडीचं काय विचारायचं, म्हणून लाजू नका.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपापल्या खुराड्यातून रात्री फिरवलेली पांढरी चिंधी घेऊन यावी. कोणाची किती लाल झाली ते बघू आणि पाणी तापवायचं कोणाच्या घरापासून सुरू करायचं ते ठरवू.