मूलभूत हक्क व राज्यकर्त्यांचें कर्तव्य
(ज्युबिली महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं परमेश्वराच्या उपकारांचें स्मरण करण्यासाठीं आपण सर्व एकत्र जमलों आहों. अशा आनंदाच्या दिवशीं सरकार, कायदा आणि हक्क असला रुक्ष विषय आम्ही कां निवडला, अशी शंका कोणाच्या मनांत आल्यास नवल नाहीं. परंतु ज्युबिलीचें मूळ पाहिलें म्हणजे ही शंका फिटेल. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत पन्नासावें वर्ष पवित्र मानण्याची आज्ञा आहे. दारिद्र्यामुळें दुसऱ्याच्या चाकरींत पडलेल्या इस्राएली माणसानें त्या वर्षीं मुलांबाळांसह मोकळें होऊन आपल्या घरीं जावें, आणि हातची गेलेली वडिलोपार्जित जमीन मूळ कुटुंबाकडे परत यावी, असा तो नियम होता. ज्युबिली हा मुळांत सुटकेचा सण आहे. आपल्या देशाच्या सरकारनें ह्या सुटकेसाठीं काय केलें, काय करावयाचें राहिलें, आणि त्यांत आपला वांटा कोणता, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम एक भेद ध्यानांत घेऊं. मनुष्याचे हक्क सरकार उत्पन्न करीत नाहीं. देवानें मनुष्यास आपल्या प्रतिमेप्रमाणें निर्मिलें, म्हणून मनुष्याची प्रतिष्ठा राज्याच्या स्थापनेहून जुनी आहे. राज्य ती मान्य करतें व तिचें रक्षण करतें. मनुष्य म्हणून प्रत्येकाच्या ठायीं असलेले हे जे हक्क, त्यांस मानवी हक्क म्हणतात. संयुक्त राष्ट्रसंघानें १० डिसेंबर १९४८ रोजीं त्यांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यांत केवळ पुरुषांचाच बोध व्हावा असे शब्द होते. ते बदलून 'सर्व मानव' असा अर्थ स्पष्ट करविण्याचें श्रेय भारताच्या प्रतिनिधि श्रीमती हंसा मेहता यांस दिलें जातें. ह्या हक्कांपैकीं जे देशाच्या घटनेंत लिहिले जातात व ज्यांच्यासाठीं न्यायालयांत दाद मागतां येते, ते त्या देशाचे मूलभूत हक्क होत.

आपली घटना २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आली. कायद्यापुढें समानता, अस्पृश्यतेचें उच्चाटन, भाषणस्वातंत्र्य, जीविताचें रक्षण, वेठबिगारीस बंदी, धर्मस्वातंत्र्य, आणि अल्पसंख्यांकांस आपल्या शाळा चालविण्याची मोकळीक, हे हक्क तिच्या तिसऱ्या भागांत नमूद आहेत. घटनासमितींत मद्रासकडून निवडून गेलेले येशूसंघीय धर्मगुरु फादर जेरोम डिसोझा हे एक सभासद होते, व समितीचे उपाध्यक्ष डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी हे ख्रिस्ती गृहस्थ होते, हें आपल्या मुलांस ठाऊक असावें. घटनेच्या घडणींत आपल्या लोकांचेही हात लागले आहेत. तिनें मान्य केलेले हक्क आपणांस उसने मिळालेले नाहींत.

परंतु हक्क कागदावर उतरला म्हणजे तो हातीं आला, असें होत नाहीं. त्यासाठीं सरकारास तीन कामें करावीं लागतात : स्वतःचा हात आवरणें, दुसऱ्याचा जुलूम मोडणें, आणि गरिबाच्या दारापर्यंत न्याय पोंचविणें.

पहिलें काम कठीण, कारण त्यांत सत्ताधाऱ्यास स्वतःसच बांधून घ्यावें लागतें. तेराव्या कलमाप्रमाणें मूलभूत हक्कांस विरोधी असलेला कायदा त्या विरोधापुरता रद्द ठरतो. बत्तिसाव्या कलमाप्रमाणें सर्वोच्च न्यायालयांत व दोनशे सव्विसाव्या कलमाप्रमाणें उच्च न्यायालयांत सरळ दाद मागतां येते. ह्या बत्तिसाव्या कलमाच्या तरतुदीसच डॉ. आंबेडकरांनीं घटनेचा आत्मा व हृदय मानलें. पोलिसांनीं कोणास पकडल्यास त्याला अटकेचें कारण सांगावें लागतें, वकिलाचा सल्ला घेऊं द्यावा लागतो, आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आंत दंडाधिकाऱ्यापुढें उभें करावें लागतें. प्रतिबंधक स्थानबद्धतेचे नियम मात्र वेगळे आहेत.

हे बांध फुटले म्हणजे काय होतें, तें १९७५ ते १९७७ च्या आणीबाणींत देशानें पाहिलें. हजारों माणसें चौकशीवांचून तुरुंगांत पडलीं, आणि आणीबाणी चालू असेतोंपर्यंत त्यांस न्यायालयांत दाद मागतां येणार नाहीं, असा निर्णय १९७६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें दिला. पांच न्यायाधीशांपैकीं न्यायमूर्ति हंसराज खन्ना यांनीं एकट्यानेंच विरुद्ध मत नोंदविलें. पुढें १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें, जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचें संरक्षण आणीबाणींतही स्थगित करतां येणार नाहीं, असें ठरविलें. आणि २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो जुना निर्णय मोडीत काढला. त्या एकट्याच्या मताला न्यायालयाची मान्यता मिळण्यास एक्केचाळीस वर्षें लागलीं.

दुसरें काम जुलूम मोडण्याचें. येथें जुलूम करणारा सरकारी अंमलदार नसतो. तो गांवचा धनी असतो. घटनेच्या तेविसाव्या कलमानें वेठबिगारी १९५० सालींच बेकायदेशीर ठरविली. तरीही लग्नासाठीं वा दुखण्यासाठीं थोडेसें कर्ज काढून बापानें सावकाराच्या शेतावर राबावें, आणि बाप थकला म्हणजे मुलानें त्याच्या जागीं उभें राहावें, हा क्रम चालूच राहिला. ठाणे जिल्ह्यांतील वारली लोकांत अशा माणसास लग्नगडी म्हणत. ह्या प्रथेविरुद्ध १९४५ सालीं श्रीमती गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकारानें वारली उठले होते. तथापि वेठबिगारी मोडण्याचा देशव्यापी कायदा झाला तो १९७६ सालीं, आणि ऑक्टोबर १९७५ मधील वटहुकुमाच्या दिवसापासून तो लागू धरला गेला. त्या कायद्यानें वेठबिगाराचें कर्ज फिटलें असें मानलें जातें, त्यास मोकळें करण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यावर येते, व पुन्हां राबविणारा शिक्षेस पात्र होतो. घटनेंतील शब्द आणि त्यास बळ देणारा हा कायदा यांमध्यें पंचवीस वर्षें गेलीं, आणि तेवढ्या काळांत एक पिढी म्हातारी झाली.

शिक्षणाची गोष्टही अशीच. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांस दहा वर्षांत मोफत शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्यानें करावा, असें १९५० च्या घटनेंत लिहिलें होतें. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा तो हक्क म्हणून २००२ च्या दुरुस्तीनें मान्य झाला, आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. सरकारचें वचन पाळलें जावें असें वाटत असेल, तर लोकांनीं त्याची आठवण देत राहिलें पाहिजे, हा ह्यांतील धडा होय.

तिसरें काम आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें. श्रीमंत मनुष्य आपल्या हक्कासाठीं वकील उभा करतो. गरीब मनुष्य कचेरीच्या पायरीवर बसून राहतो. १९७९ सालीं बिहारमधील कच्च्या कैद्यांचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें आलें, तेव्हां असें आढळलें कीं, कित्येकांनीं आपल्यावरील आरोपास जास्तींत जास्त जी शिक्षा झाली असती तिच्याहूनही अधिक काळ तुरुंगांत काढला होता, आणि खटला उभाच राहिला नव्हता. त्यांचा हक्क घटनेंत होता. जामीन देण्यास पैसे नव्हते व बोलावयास वकील नव्हता. पुढें फरिदाबादजवळील दगडाच्या खाणींत राबणाऱ्या वेठबिगारांविषयीं आलेलें एक साधें पत्रच न्यायालयानें अर्ज म्हणून दाखल करून घेतलें, चौकशीसाठीं माणसें पाठविलीं, आणि डिसेंबर १९८३ मध्यें न्यायमूर्ति भगवती यांच्या पीठानें निर्णय देऊन सरकारास कामाला लाविलें. पत्र लिहिणारा स्वतः त्या खाणींत नव्हता. दुसऱ्याचें दुःख आपलें मानून कोणी तरी लेखणी उचलली, म्हणून तें दार उघडलें.

ह्याच हेतूनें १९८७ सालीं विधि सेवा प्राधिकरणांचा कायदा झाला, व तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलांत आला. त्याप्रमाणें स्त्रिया, मुलें, अनुसूचित जातिजमातींचे लोक, अपंग, कारखान्यांतील कामगार, वेठबिगारींत सांपडलेले, आपत्तिग्रस्त, कोठडींत असलेले, आणि ठराविक मर्यादेहून कमी उत्पन्नाचे लोक यांस मोफत वकील मिळतो. स्त्रीला तर उत्पन्नाचा दाखलाही लागत नाहीं. जिल्हा न्यायालयांत ह्याचें प्राधिकरण असतें, तालुक्याच्या न्यायालयांत समिति असते, आणि १५१०० ह्या क्रमांकावर दूरध्वनीनेंही विचारपूस करतां येते.

याशिवाय १९९३ च्या कायद्यानें राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्थापन झाला, व महाराष्ट्रांतही राज्य आयोग आहे. राष्ट्रीय आयोगाकडे तक्रार करण्यास फी पडत नाहीं, व ती मराठींत किंवा कोंकणींतही लिहितां येते. परंतु घटना घडल्यापासून एक वर्षाच्या आंत ती पोंचली पाहिजे. आयोगास साक्षीदार बोलावण्याचा व कागदपत्रें मागविण्याचा दिवाणी न्यायालयासारखा अधिकार आहे. शेवटीं मात्र तो शिफारसच करूं शकतो. हुकूम करूं शकत नाहीं. सरकारनें शिफारस बाजूस ठेविल्यास न्यायालयाचा मार्ग धरावा लागतो. हें उणें आहे, आणि तें उणें म्हणून बोलून दाखविणें हें राजद्रोह नव्हे, नागरिकाचें कर्तव्य आहे.

परमपूज्य पोप तेरावे लिओ यांनीं १८९१ सालच्या आपल्या परिपत्रकांत हाच विचार मांडला. श्रीमंतांजवळ स्वसंरक्षणाचीं साधनें पुष्कळ असतात. गरिबांस मुख्यतः राज्याचाच आधार. म्हणून राज्यानें त्यांची विशेष काळजी वाहावी, असा त्यांचा आशय आहे. आणि पोप तेविसावे जॉन यांनीं १९६३ सालीं स्पष्ट केलें कीं, हक्काची जोड कर्तव्याशीं आहे : एकाचा हक्क म्हणजे इतर सर्वांवर तो मानण्याचें कर्तव्य.

तेव्हां, बंधुभगिनींनो, राज्याकडे बोट दाखवून आपणांस मोकळें होतां येणार नाहीं. आपल्या शेतांत, बागेंत, घरकामास जीं माणसें येतात, त्यांची मजुरी वेळेवर व पुरी दिली जाते काय? आगाऊ दिलेल्या उचलीच्या नांवाखालीं आपण कोणास अडकवून ठेविलें नाहीं ना? आपला मोलकरी आपल्या अंगणांत बांधला गेला असेल, तर आपल्या मंदिरावरील रोषणाईस अर्थ उरत नाहीं.

दुसरी विनंती तरुणांस आहे. आपल्यांत शिकलेले पुष्कळ आहेत. कायदा शिकलेलेही आहेत. दर महिन्याच्या एका रविवारीं मिस्सानंतर दोघांतिघांनीं सभागृहांत टेबल मांडून बसावें. जो कोणी येईल, मग तो कोणत्याही धर्माचा असो, त्याचा अर्ज लिहून द्यावा, त्याला कोणत्या कचेरींत जावयाचें तें सांगावें, आणि म्हातारी विधवा असेल तर तिच्याबरोबर कचेरीपर्यंत जावें. सरकारनें कायद्याचें दार केलें आहे. पुष्कळांस तें कोठें आहे हेंच ठाऊक नाहीं. तें दाखविण्यास मोठें धन लागत नाहीं, अर्धा दिवस लागतो.

ह्या महोत्सवाची आठवण म्हणून पाटी लावली जाईल, हें पुस्तकही घरोघर राहील. त्याबरोबर एक तरी अडलेला मनुष्य आपल्या हातून सुटला, अशी नोंद ह्या ज्युबिली वर्षांत व्हावी, अशी आम्ही प्रार्थना करतों. परमेश्वर आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.