तात्पुरती कवळी आणि जबड्याचे हाड



मी दंतवैद्य नव्हे. शाळा अर्ध्यावर सुटली, उमर कामगार संघटनेत गेली. वाचनाची खोड मात्र सुटली नाही. हा विषय घेतला तो एवढ्यासाठी की, दात गेलेल्या कामगाराला रजा संपायच्या आत नवे दात हवे असतात, आणि त्या घाईची किंमत त्याच्या जबड्याचे हाड भरते.

हाडात रोवलेल्या दाताची कथा स्वीडनमधली. १९५२ साली ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहत होते. काम संपल्यावर टिटॅनियमचे उपकरण काढू गेले, तर ते निघेना! हाडाने त्याला घट्ट धरले होते. १९६५ साली त्यांनी माणसाच्या जबड्यात तशा खुंट्या बसवल्या. त्यांचा जुना दंडक असा की, खालच्या जबड्यात सुमारे तीन महिने आणि वरच्यात सहा महिने खुंटीवर भार घालायचा नाही.

तोवर माणसाने खावे काय, चारचौघांत बोलावे कसे? म्हणून तात्पुरती कवळी. खरी मेख येथेच आहे. आपला दात हाडाला तंतूंनी बांधलेला असतो. चावताना ते तंतू हाडाला ताण देतात, आणि ताण हाडाला मानवतो. कवळी मात्र हिरडीवर बसून वरून दाबते, आणि दाबाखाली हाड झिजते. टॅलग्रेन यांनी १९७२ साली कवळी वापरणाऱ्यांच्या पंचवीस वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या; त्यांत पुढच्या भागातील खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या चौपट भरली.

नव्या खुंटीचे तर आणखी अवघड. कवळीच्या धक्क्यांनी ती मिलिमीटरच्या दशांशाहून थोडी अधिक हलत राहिली, तरी तिच्याभोवती हाडाऐवजी नुसते तंतू धरतात. पुष्कळदा दुखतही नाही, म्हणून रोगी बेसावध राहतो.

खुंटी भक्कम बसली, तर काहींना त्याच दिवशी दात जोडता येतात. पण ते सर्वांना लागू नाही. बाकीच्यांनी पहिले एक-दोन आठवडे कवळी शक्यतो घालू नये. पुढे खुंटीवरचा भाग आतून कोरून मऊ अस्तर लावून घ्यावे. शेजारचे दात शाबूत असतील, तर त्यांना चिकटवलेला दात बरा. तो हिरडीला दाबत नाही. मऊ अस्तर काही आठवड्यांत कडक होते, तेव्हा ते बदलायला पुन्हा जावे लागते. रोजंदारीवरचा माणूस नेमकी हीच खेप चुकवतो, कारण तिच्यापायी दिवस बुडतो. म्हणून दाताचा खर्च विचारताना या खेपा किती, हेही दंतवैद्याला आधीच विचारा.