रुग्णालयात नेलेले मूल

(देडतलाई येथील ग्रामस्थांच्या सभेत केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे. कलाशाखेची एक पदवी, सभा-मोर्चांतून गेलेला घसा आणि हातातली लेखणी एवढेच माझे भांडवल. कुपोषणावर बोलण्याचा याला काय अधिकार, असे कोणी विचारले तर त्याचा राग मला येणार नाही. परंतु देडतलाईत उभे राहून ह्या विषयावर गप्प बसणे मला अधिक अवघड वाटते. बुऱ्हाणपूरहून धारणीमार्गे अमरावतीकडे जाणाऱ्या वाटेवर तुमचे गाव आहे. पूर्वेस मेळघाट, पश्चिमेस तापीकाठचा सुपीक मुलूख, आणि मधल्या रानात कोरकूंची वस्ती. मेळघाटातील बालमृत्यू 1993 साली सर्व देशापुढे आले आणि तेव्हापासून त्या नावाभोवती आयोग, न्यायालये, समित्या यांची गर्दी जमली. डोंगराच्या अलीकडच्या उतारावर मूल कमी भुकेले होते असे मात्र कोणी समजू नये.

आज मला एकाच प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे. मूल अगदी वाळले, हाडांवर कातडे उरले, किंवा त्याच्या पायांवर सूज चढली, आणि आईने त्याला उचलून रुग्णालयात नेले, तर ते वाचते काय? गावात याचे उत्तर ठरलेले असते. ‘दवाखान्यात नेले आणि तिसऱ्या दिवशी गेले.’ हे वाक्य मी इतक्या ओसऱ्यांवर ऐकले आहे की त्याला निव्वळ अज्ञान म्हणून झटकून टाकण्याचे धैर्य मला होत नाही. कारण ते वाक्य पुष्कळ वेळा खरे होते.

1996 साली स्कोफिल्ड आणि ॲशवर्थ या दोन संशोधक स्त्रियांनी जगभरातील रुग्णालयांचे पन्नास वर्षांचे अहवाल एकत्र तपासले. निष्कर्ष लज्जास्पद होता. अतितीव्र कुपोषित म्हणून दाखल झालेल्या मुलांपैकी शंभरात वीस ते तीस मुले दगावत होती, सूज असलेल्यांत हा आकडा पन्नास-साठापर्यंत चढत होता, आणि पाच दशकांत त्यात फरक पडलेला नव्हता. या काळात किती नवी औषधे निघाली, वैद्यकशास्त्राने केवढी झेप घेतली. उपाशी मुलाच्या खाटेपाशी मात्र ती झेप पोहोचली नाही. त्याच पाहणीत असेही दिसले की काही रुग्णालयांत शंभरात पाचही मुले दगावत नव्हती. रोग तोच, मुलेही तशीच. मग फरक कशाचा?

येथे थोडा थांबून शरीराची गोष्ट सांगतो, कारण सारे मर्म त्यात आहे. घरात धान्य संपत आले की शहाणी गृहिणी चूल मंद करते, दिवा लवकर मालवते. उपाशी मुलाचे शरीर हेच करते. हृदय हळू चालते, मूत्रपिंडे अर्धे काम करतात, आतडे पातळ होते, अंगाची ऊब टिकत नाही. क्षारांचे माप उलटते: पेशींत सोडियम साचते आणि पोटॅशियम निघून जाते. जंतूंचा हल्ला झाला तरी ताप येत नाही, कारण ताप आणण्याचेही बळ उरलेले नसते. असे मूल शांत पडून असते आणि आपण समजतो की ते झोपले आहे.

अशा मुलावर दया करण्याची आपली रीत कोणती? पोटभर खाऊ घालणे. डॉक्टरची रीत कोणती? बाटली लावणे. ह्या दोन्ही रीतींनी मुले मेली आहेत! मंद चाललेल्या हृदयावर सॅलाईनचा लोंढा सोडला की ते बुडते. थकलेल्या आतड्यावर जड अन्न लादले की शरीराचा तोल जातो. एप्रिल 1945 मध्ये बर्गन-बेल्सनची छळछावणी मुक्त झाली, दूध आले, डबाबंद मांस आले, आणि सुटकेनंतरही हजारो कैदी मेले. रोगराईने तर मेलेच, पण काहींचा घास अवेळी मिळालेल्या अन्नानेही घेतला. तेथे देण्यात आलेल्या एका मिश्रणाचे नाव ‘बंगाल दुष्काळ मिश्रण’ असे होते. आमच्या 1943 च्या दुष्काळातून ते युरोपात गेले होते. आमच्या भुकेची तेवढी कीर्ती झाली!

तेव्हा योग्य उपचार म्हणजे काय? जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या दहा पायऱ्या सांगितल्या आहेत. त्या सगळ्या मी येथे मोजीत बसत नाही. ज्यांवर जीव अवलंबून असतो तेवढ्याच सांगतो. मूल येताच त्याला साखरेचे पाणी द्यावयाचे, कारण रक्तातली साखर घसरली की ते बोलता बोलता जाते. त्याला आईच्या छातीशी उघड्या अंगाने लपेटावयाचे. ताप नसला तरी प्रतिजैविक द्यावयाचे. पोटॅशियम द्यावयाचे. लोह मात्र पहिल्या आठवड्यात द्यावयाचे नाही. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. आणि सुरुवातीचे दूध पातळ, ज्याच्या 100 मिलिलिटरांत 75 कॅलरी असतात असे. पाच किलो वजनाच्या मुलाला त्याचे प्रमाण किती, तर एका वेळी सुमारे 55 मिलिलिटर, चार चमचे कमी-अधिक नव्हे, आणि दर दोन तासांनी. म्हणजे दिवसरात्रीत बारा वेळा. रात्री दोनला आणि पहाटे चारलाही! सूज उतरू लागली, भूक परतली, की मगच दाट दूध आणि भरपूर अन्न.

ह्यात महागडे यंत्र कोठे आहे? एक तराजू, एक मापाची वाटी, रात्री जागणारी परिचारिका आणि जागी राहू शकणारी आई. ढाक्याच्या अतिसार रुग्णालयात ही शिस्त बसविल्यावर मृत्यूचे प्रमाण 17 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर आले; 1999 साली ते प्रसिद्ध झाले. दक्षिण आफ्रिकेतील दोन ग्रामीण रुग्णालयांची कथा तर प्रत्येक आरोग्याधिकाऱ्याने पाठ करावी. एकात हे प्रमाण 46 वरून 21 वर उतरले. दुसऱ्यात 25 वरून 18 वर उतरले, आणि 2001 साली एकदम 38 वर गेले. काय झाले होते? साथ आली नव्हती, दुष्काळही पडला नव्हता. शिक्षण न दिलेले नवे डॉक्टर बदलीवर आले होते आणि पोटॅशियम व योग्य प्रतिजैविके लिहावयाची राहून जात होती. एका बदलीच्या हुकमाची ही किंमत!

म्हणून मी तुमच्या आईबापांना दोष देण्यास आलेलो नाही. गावात पोट फुगले की भूमकाकडे जातात, तप्त लोखंडाने पोटावर डंबा देतात. ते निखालस वाईट आहे, भाजलेल्या कातड्यातून जंतूंना नवी वाट मिळते, आणि ते थांबलेच पाहिजे. परंतु ज्याने रात्रीबेरात्री दार उघडले त्याच्याकडे माणूस जातो, हेही खरे. मेळघाटात भूमकांशी भांडण मांडण्यापेक्षा त्यांनाच मुले रुग्णालयात पाठविण्याच्या कामात ओढण्याचा प्रयत्न झाला. मला तो शहाणपणाचा वाटतो. तेथेच बैरागडला डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्य घातले, 2019 साली त्यांना पद्मश्री मिळाली, धारणीजवळ डॉ. आशिष सातव यांचे ‘महान’चे काम उभे आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावच्या बाईच्या हातून नवजात बाळे वाचविता येतात हे 1999 साली जगाला दाखविले. ही माणसे दूरची नाहीत.

आता तुमच्याकडे वळतो. मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला, किंवा दोन्ही पायांवर बोट दाबून खळगा राहिला, तर ते मूल धोक्यात आहे. सहा महिन्यांच्या पुढच्या आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलासाठी हे माप आहे. अशी सगळीच मुले रुग्णालयात न्यावी लागत नाहीत. जे मूल खाते, खेळते, ज्याला दुसरा आजार नाही, त्याचा उपचार घरीही होतो. ज्याने खाणे सोडले, ज्याला सूज, जुलाब, धाप आहे, ते पोषण पुनर्वसन केंद्रात गेलेच पाहिजे, आणि त्याच दिवशी गेले पाहिजे. दगावणारी मुले बहुधा पहिल्या दोन दिवसांत दगावतात. उशीर आपण करतो आणि नाव रुग्णालयाचे होते.

गेल्यावर राहणेही तितकेच कठीण. घरी दुसरी दोन लेकरे, शेतात सोयाबीनची कापणी, आणि मूल जरा हसू लागले की बाई पाचव्या दिवशी गाठोडे बांधते. केंद्रात राहणाऱ्या आईला बुडालेल्या मजुरीबद्दल पैसे मिळण्याची तरतूद आहे. ते पैसे महिन्यांनी मिळतात अशी तक्रार असेल तर ती मला लिहून द्या, मी छापीन. पण मुलाचे वजन दाखल होतेवेळच्या वजनाहून 15 टक्क्यांनी वाढल्यावाचून ते उचलू नका. मागे राहिलेल्या दोन लेकरांना शेजारणीने सांभाळले पाहिजे, आणि हे मी पुरुषांनाही सांगत आहे.

शेवटची अडचण सीमेची. सीमेवर मी एरवी पुष्कळ बोलतो, आज तो वाद काढीत नाही. 1 नोव्हेंबर 1956 पूर्वी बुऱ्हाणपूर आणि मेळघाट एकाच राज्यात होते व त्याची राजधानी नागपूर होती. त्या दिवसापासून मधून रेघ गेली. कोरकू माणसाने ती रेघ मानली नाही. त्याची सोयरीक पलीकडे, बाजार अलीकडे, दिवाळीनंतर मजुरी तिसरीकडेच, आणि होळीला परत. घरी गेल्यावर मुलाला दर पंधरा दिवसांनी एकदा, असे चार वेळा तपासून घ्यावे लागते. ह्याच दोन महिन्यांत कुटुंब रेघ ओलांडते. इकडच्या वहीत मूल ‘गैरहजर’ आणि तिकडच्या वहीत त्याचे नावच नाही! देडतलाई आणि धारणीच्या अंगणवाडी सेविकांनी, आशाताईंनी महिन्यातून एकदा एकत्र बसून नावे ताडून पाहिली तर त्याला कोणत्या सरकारची परवानगी लागते? त्या बैठकीसाठी शाळेची खोली मागण्याचा अर्ज मी लिहून आणला आहे. सरपंचांची सही हवी आहे, आणि ज्या आयांची मुले केंद्रातून परत आली आहेत त्यांनी सभा संपल्यावर येथेच थांबावे, त्यांची पुढील तपासणीची तारीख कार्डावर पाहून घेऊ.