आपली आपल्याला ओळख

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस. या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती चेतातंतूंवरच्या मायलिन या आवरणाला इजा करते आणि मेंदूचे निरोप वाटेत अडखळतात. १८६८ मध्ये पॅरिसच्या झाँ-मार्तां शार्को यांनी या आजाराचं सविस्तर वर्णन केलं.

या आजारात स्वतःला ओळखणंच अवघड होतं. पाय बधिर असेल, तर पाऊल नीट पडलं का, हे कळत नाही. गरम पाण्यानं आंघोळ केली की काहींची नजर धूसर होते आणि अंग निवलं की सुधारते. ही तात्पुरती लक्षणं म्हणजे आजाराचा नवा झटका नव्हे. एवढं ठाऊक असलं, तरी निम्मी भीती ओसरते.

मनाचाही यात वाटा असतो. नैराश्य असलं, की चाचणीत स्मरणशक्ती ठीक असूनही ‘माझं डोकंच चालत नाही’ असं वाटू शकतं. उलट, मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली असेल, तर विसराळूपणा घरच्यांना दिसतो, पण रुग्णाला जाणवेलच असं नाही. हे न जाणवणं हट्ट नसतो, आजाराचाच भाग असतो.

म्हणून थकवा, ऊन, झोप आणि मनःस्थिती यांची रोज छोटी नोंद ठेवा. डॉक्टरांकडे जाताना घरचं माणूस सोबत न्या. नैराश्यावर उपचार घ्या, त्यात कमीपणा नाही. कायद्याचाही आधार आहे: भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे. स्वतःला ओळखण्याची ही वाट कुणालाही एकट्यानं चालावी लागू नये.