मेरिटचा हिशेब मागा!
(परभणीतील विद्यार्थी शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बारावीचा निकाल लागला की वस्तीत पेढे वाटतात. महिन्याभरानं तीच वस्ती गप्प होते. पोराला पंच्याहत्तर टक्के पडलेले असतात, पण इंजिनिअरिंगच्या यादीत त्याचं नाव कुठंच नसतं. बाप विचारतो, ‘मार्क तर पडले, मग घेईनात का?’ त्याला उत्तर द्यायला वस्तीत कुणी नसतं. म्हणून आज मी घोषणा कमी देणार आहे, हिशेब जास्त मांडणार आहे. ज्या जात्यात आपण भरडले जातो, ते फिरतं कसं ते बघू.

दारं दोन आहेत. पहिलं दार बोर्डाचं. आपला जिल्हा छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळात येतो. फिजिक्सचे शंभर मार्क म्हंजे सत्तर लेखी आणि तीस प्रॅक्टिकल. पस्तीसला पास. पण इंजिनिअरिंगला जायचं तर पीसीएमला खुल्या गटासाठी ४५ टक्के लागतात, आपल्याला ४०. एवढं झालं की बोर्डाच्या मार्कांचं काम जवळपास संपलं. नव्वद पडले काय अन् साठ पडले काय, दाराच्या आत दोघंही सारखेच. दोन पोरांची सीईटी अगदी बरोबरीत सुटली तरच ते मार्क पुन्हा बाहेर काढतात.

दुसरं दार सीईटीचं, आणि खरी रांग तिथंच लागते. दीडशे प्रश्न, १८० मिनिटं, २०० मार्क. गणिताच्या प्रश्नाला दोन, बाकीच्यांना एक. साधारण वीस टक्के प्रश्न अकरावीचे. चुकीला मार्क कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. नीटमध्ये मात्र उलटं आहे. तिथं बरोबरला चार मिळतात आणि चुकीला एक जातो.

आता ‘पर्सेंटाईल’ हा शब्द. लई घरं यानं फसवली. पर्सेंटाईल म्हंजे टक्के नव्हेत. सीईटी अनेक पाळ्यांत होते, दर पाळीचा पेपर वेगळा. म्हणून तुमच्या पाळीत तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी मार्क किती जणांना पडले, ते शेकड्यात मोजतात. समजा पाळीत वीस हजार पोरं बसली आणि अठरा हजार तुमच्या बरोबरीला किंवा खाली आहेत, तर तुम्ही नव्वद पर्सेंटाईल. ऐकायला गोड लागतं. पण त्या एका पाळीतच दोन हजार जण तुमच्या पुढं आहेत, आणि अशा पाळ्या कितीतरी. हे ठाऊक नसलेला बाप नव्वद ऐकून कर्ज काढतो.

आणि ही रांग काही आभाळातून पडलेली नाही. २०१४ आणि २०१५ साली इंजिनिअरिंगला निम्मं वजन बारावीला होतं, निम्मं जेईईला. २०१६ पासून पुन्हा सीईटी. २०२१ला करोनात बारावीची परीक्षाच झाली नाही. दहावीचे तीस, अकरावीचे तीस, बारावीच्या अंतर्गत कामाचे चाळीस अशा वजनानं मार्क दिले आणि राज्याचा निकाल लागला ९९.६३ टक्के! वैद्यकीयला ७०:३० चा विभागवार कोटा होता. मराठवाड्यात कॉलेजं थोडी, म्हणून आपली पोरं मागं राहायची. ओरड झाली, २०२० साली तो कोटा रद्द झाला. २०२३ला परभणीत शंभर जागांचं सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. पोरगं तेच, मेंदू तोच. नियम फिरला की त्याचं मेरिट वर जातं नाहीतर खाली येतं. मग या मेरिटला देव कुणी केलं?

गणिताचा सीईटी पेपर फक्त इंग्रजीत असतो. पाथरीच्या, गंगाखेडच्या मराठी शाळेत शिकलेली पोरगी आधी प्रश्नाची भाषा फोडते, मग गणित. ज्याच्याकडं पैसा आहे तो अकरावीपासूनच लातूर-नांदेडच्या क्लासला जातो, कॉलेजात नाव फक्त कागदावर. आपली पोरगी त्याच कॉलेजच्या रिकाम्या वर्गात बसते. शेवटी दोघांना एकाच काट्यावर तोलतात आणि म्हणतात, काटा बघा किती निष्पक्ष आहे!

वरून टोमणा असतोच, ‘चाळीस टक्केवाले’. त्यांना सांगा, चाळीस म्हंजे अर्ज करायची परवानगी. जागा मिळते ती यादीतल्या नंबरावर. आणि खुली जागा कुणाच्या बापजाद्याची नाही. ती सगळ्यांना खुली असते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९२ सालीच सांगितलंय. आपलं पोरगं तिथं स्वतःच्या नंबरावर बसलं, तर ते राखीव जागेत मोजायचं नसतं.

आता काम. पहिलं, जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच टाका. प्रवेशाच्या वेळी पळापळ करून हातची जागा घालवू नका. दुसरं, प्रवेश कॅपमधूनच घ्या. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की शिष्यवृत्ती गेली, फ्रीशिप गेली. उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर शिष्यवृत्ती, वर असेल तर फ्रीशिप; दलाल काय सांगतो ते ऐकू नका. तिसरं, प्रत्येक वस्तीत माहितीपुस्तिका वाचून दाखवणारी, पसंतीक्रम भरून देणारी दोन पोरं तयार करा. बुद्धविहारात एक टेबल, एक फोन पुरे.

आणि मागण्या तीन. गणिताचा पेपर मराठीतही द्या. ज्युनिअर कॉलेजात खरोखर तास घ्या, नसता अनुदान कशाचं घेता ते सांगा. पडताळणी वेळेत द्या. कार्यालयाच्या उशिरापायी एकाही पोराची जागा जाता कामा नये.

बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढलं, तेव्हा मराठवाड्यातल्या आपल्या माणसांना पाटीवरची अक्षरंही परकी होती. आज आपण यादीत नाव शोधतोय. उद्या यादी कशी लावायची ते ठरवणाऱ्या टेबलावर बसायचंय. तोवर प्रत्येक यादीपुढं उभं राहून एकच विचारा : हिशेब दाखवा!

जय भीम!